भूतकथेवर अभिप्राय देताना या चुका टाळा

‘पण असं कधी होतं का?’ भूतकथेवर दिलेला याहून निरुपयोगी अभिप्राय मला माहीत नाही. असं होत नाही, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं. अशी कथा हातात घेतानाच वाचकाने एक अशक्य गोष्ट मान्य केलेली असते. तपासायचं ते इतकंच, की कथेने स्वतः घालून दिलेला नियम ती शेवटपर्यंत पाळते का.

समजा, जुन्या घरात एक भाडेकरू राहायला येतो. रोज सकाळी जिन्यावर ओल्या पावलांचे ठसे दिसतात आणि ते सगळे खाली उतरणारे असतात. चढणारा एकही नाही. कल्पना चांगली आहे, कारण ‘मग ते वर जातं कसं?’ हा प्रश्न वाचकाला आपसूक पडतो. आता शेवटच्या प्रसंगात ठसे जिना चढू लागले, तर तुमचं खरं काम तिथे सुरू होतं. नियम मुद्दाम मोडला आहे, की लेखकाच्या लक्षातूनच निसटला? दोन्ही शक्य आहे, म्हणून निकाल देण्याआधी विचारा. मुद्दाम मोडला असेल, तर तो आधी पुरेसा ठसला होता का ते पाहा. एकदाच ओझरता सांगितलेला नियम मोडला, तर काही बदललं हेच वाचकाला कळत नाही. ‘ठसे फक्त उतरतात हे दुसऱ्या पानावर माझ्या नजरेतून सुटलं, त्यामुळे शेवटी ते चढले तेव्हा मला काहीच वाटलं नाही.’ असं सांगितलंत तर लेखकाला नेमकं कुठे हात घालायचा ते कळतं. ‘शेवट जमला नाही’ एवढ्यावरून तो फक्त खट्टू होईल.

‘मला भीती नाही वाटली’ म्हणून थांबणं ही दुसरी चूक. भीती हळूहळू चढते आणि कुठेतरी एका जागी सुटते. ती जागा शोधून द्यायची. त्यासाठी पहिलं वाचन एका बैठकीत, हातात पेन्सिल न घेता करा. कुठे श्वास रोखला गेला, कुठे लक्ष उडालं, कुठे नको तिथे हसू आलं, एवढंच मनात ठेवा. हे वाचन परत मिळत नाही, कारण दुसऱ्या वेळी शेवट ठाऊक असतो. मग पेन्सिल घ्या आणि भीती जिथे सुटली तिथून मागे मागे जा. माझा अनुभव असा, की बिघाड बहुतेक वेळा त्या जागेच्या तीन-चार परिच्छेद आधीच झालेला असतो.

नवख्या कथांमध्ये तो ठरावीक जागी सापडतो. ‘त्याच्या काळजाचं पाणी झालं’ हे वाचकाला घाबरायचं कारण मिळण्याआधीच येतं. पात्र आपल्या पुढे धावतं आणि आपण मागे थंड उभे राहतो. किंवा ‘भेसूर’, ‘अमानुष’, ‘अनामिक’ अशी विशेषणं एका ओळीत गर्दी करतात आणि डोळ्यांपुढे मात्र काहीच उभं राहत नाही. किंवा भूत पहिल्याच भेटीत नखशिखांत दिसतं. ॲन रॅडक्लिफ या इंग्रज लेखिकेने धास्ती आणि थरकाप यांत फरक केला होता. तो लेख तिच्या मृत्यूनंतर, १८२६ मध्ये छापला गेला. तिच्या मते धास्ती मनाला ताणते, जागं करते; थरकाप त्याला आक्रसून गोठवतो. अभिप्राय देताना हा फरक फार उपयोगी पडतो. लेखकाला धास्ती हवी होती आणि त्याने रक्त दाखवलं, असं किती वेळा घडतं!

तिसरी चूक मनापासून मदत करणारे लोकच करतात. ‘शेवटी तोच आधीपासून मेलेला होता, असं कर ना!’ ही तुमची कथा झाली. आधी विचारा, तुला काय हवं होतं? हे खरंच घडलं, की त्याच्या मनाचे खेळ होते, की वाचकाने दोन्हींच्या मध्ये लोंबकळत राहावं? त्झ्वेतान तोदोरोव्ह या अभ्यासकाने १९७० मध्ये असं मांडलं, की अद्भुत कथेचा प्राणच त्या दोलायमान अवस्थेत असतो. एक उत्तर पक्कं झालं की कथा दुसऱ्या प्रकारात जाते. लेखकाने संदिग्धता जाणूनबुजून ठेवली असेल, तर ‘नीट स्पष्ट कर’ हा सल्ला कथेचा जीव घेतो.

आणि प्रत्येक भूत घाबरवायलाच आलेलं असतं, असं धरून चालू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. एका मुलीच्या कथेत वारलेले आजोबा रोज संध्याकाळी खुर्चीत येऊन बसत, बोलत नसत. मी तिला म्हणालो, यात भीती कमी पडते, खुर्ची आपोआप हलव. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मला त्यांची भीती नव्हती वाटत. आठवण येत होती.’ कथा पुन्हा वाचली तेव्हा प्रत्येक ओळीत तेच होतं. तेव्हापासून पहिला प्रश्न मी हाच विचारतो: ही कथा वाचून वाचकाला काय वाटावं, असं तुला वाटतं?

शुद्धलेखन मागाहून बघा. जो परिच्छेद कदाचित गळणार आहे, त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात अर्थ नाही. काळाची सरमिसळ मात्र लगेच दाखवा. ‘तो वळला’ चालू असताना मध्येच ‘दार उघडतं’ आलं आणि ते हेतूने केलेलं नसेल, तर ऐन प्रसंगात वाचक ठेचकाळतो.

‘अंगावर काटा आला’ हे सांगताना कुठल्या वाक्याला आला तेही सांगा. नाहीतर पुढच्या खर्ड्यात लेखक नेमकं तेच वाक्य काढून टाकेल. आणि एका वेळी दोन-तीन मुद्देच द्या. पंधरा दिलेत तर त्यातला सगळ्यात सोपाच दुरुस्त होतो.

एवढं करूनही लेखक वाद घालू लागला तर? ‘नाही, ते असं आहे, की ती बाई त्या घरात बुडून गेली होती आणि तिला वर जायची वाट...’ असं तो समजावत असेल, तर अडवू नका. ऐका. कथेत जे उतरलं नाही ते बहुतेक वेळा याच बोलण्यात सापडतं. त्याचं बोलून झालं की शांतपणे विचारा, ‘हे तू आत्ता सांगितलंस, ते कथेत कुठल्या पानावर आहे?’ मग दोघं मिळून ती पानं उलटा.