ढोबळी मिरची क्रेटमध्ये मऊ पडत होती
जालन्याजवळच्या आमच्या शेडनेटमधील ढोबळी मिरची तोडताना टणक असे, मात्र दुसऱ्या दिवशी बाजारात क्रेट उघडले की साल अंगठ्याखाली दबत असे आणि काही फळांच्या टोकाला तपकिरी, कातड्यासारखा डाग दिसे. मी युरिया आणि पोटॅश सढळ हाताने देत होतो. युरियापासून जमिनीत तयार होणारे अमोनियम व पोटॅशमधील पोटॅशियम वाढले की कॅल्शियमचे शोषण घटते, आणि जे वर चढते तेही बाष्पोत्सर्जनाबरोबर पानांकडेच अधिक जाते, त्यामुळे फळाच्या पेशीभित्ती दुबळ्या राहतात, हे मला फार उशिरा उमगले. युरिया थांबवून ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट सुरू केले, तेही वेगळ्या टाकीतून, कारण फॉस्फेट वा सल्फेटसोबत पांढरा साका बसून ड्रिपर तुंबतात. पाणीही रोज, थोडे थोडे दिले. पुढच्या तोड्यांतील फळे चार दिवस टणक राहिली.