नैरोबीहून मुंबईला ऑपरेशनसाठी पेशंट न्यायचाय? मग तिकिटाआधी हे करा

नैरोबीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे नेहमीचंच, ऑफिसमधलं कोणीतरी विचारतं की वडिलांचा गुडघा बदलायचाय, तुमच्या मुंबईत कुठं नेऊ? मी एका सहकाऱ्यासोबत त्याच्या वडिलांना घेऊन गेलो होतो, तेव्हा जे कळलं ते सांगतो.

तिकीट सगळ्यात शेवटी. आधी एक्स-रे, एमआरआयची सीडी, चालू गोळ्यांची यादी, शुगर-बीपीचे रिपोर्ट असं सगळं स्कॅन करून दोन-तीन हॉस्पिटलच्या इंटरनॅशनल पेशंट डेस्कला मेल करा. मोठ्या खासगी हॉस्पिटलांत हा डेस्क असतोच, फोनवर गोड बोलतात पण तुम्ही एस्टिमेट लेखीच मागा आणि त्यात काय धरलेलं नाही तेही लिहून घ्या. आमचं इथंच चुकलं. पॅकेज ऐकून आम्ही निर्धास्त झालो, मग आयसीयूचा एक जादा दिवस, फिजिओ, रक्त, सगळं वेगळं लागलं आणि डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर मित्राचा चेहरा बघवत नव्हता. इम्प्लांटची, म्हणजे बसवणार त्या कृत्रिम सांध्याची, कंपनी, मॉडेल आणि किंमत वेगळी लिहून मागा, गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला भारतात २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. मधे एजंट असेल तर त्याचं कमिशन कोण देतंय हे तोंडावर विचारा, लाजू नका.

हॉस्पिटलचं लेटरहेडवरचं पत्र आलं की सरकारी साइटवर ई-मेडिकल व्हिसा भरायचा, निदान चार दिवस आधी, पण मी म्हणेन दोन आठवडे हातात ठेवा. तो ६० दिवसांचा असतो आणि तीनदा येता-जाता येतं. सोबत जास्तीत जास्त दोघांना अटेंडंट व्हिसा मिळतो. टुरिस्ट व्हिसावर नेऊन ऑपरेशन करायचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नका. केनियातून जाताना पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड लागतं आणि लस प्रवासाच्या १० दिवस आधी झालेली हवी, नाहीतर मुंबईत उतरल्यावर क्वारंटाईनमध्ये बसावं लागू शकतं, म्हाताऱ्या माणसाचे हाल नकोत.

किडनी बदलायचं प्रकरण असेल तर हे सगळं वेगळं आहे. डोनर नातेवाईक असल्याचं दूतावासाचं पत्र आणि प्रत्यारोपणाला मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी लागते, तिथं घाई चालत नाही. इथं डोनर मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, तो गुन्हा आहे.

राहायला हॉस्पिटलजवळचं गेस्ट हाउस बघा, पण परदेशी पाहुण्याची २४ तासांत ऑनलाइन नोंद करणारंच. मालक टाळाटाळ करत असेल तर दुसरीकडे जा.

आता सोबत जाणाऱ्या मराठी माणसाचं, म्हणजे तुमचं खरं काम. डेस्कवर दुभाषा असतो पण रात्री दोन वाजता वॉर्डात नसतो. मी सिस्टरला पेशंटच्या स्वाहिली शब्दांचा एक कागद लिहून दिला होता: माजी म्हणजे पाणी, चो म्हणजे संडास, माउमिवू म्हणजे दुखणं. तो कागद बेडच्या कडेला चिकटवला आणि फार उपयोग झाला. वडिलांना स्वाहिलीतही बाबाच म्हणतात, हे कळल्यावर वॉर्डातल्या मावशी त्यांना हक्कानं "बाबा, उठा, चालायचंय" म्हणायला लागल्या आणि ते खरंच उठायचे. तुम्ही मराठीत बोललात की सिस्टर बिलातली ओळ न् ओळ समजावून सांगतात, आमची दोनदा लागलेली एक टेस्ट अशीच निघाली.

परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पायात रक्ताची गाठ व्हायचा धोका असतो आणि विमानात सहा तास बसायचंय, त्यामुळे कधी उडायचं ते सर्जन सांगतील तेच, फिट टू फ्लाय सर्टिफिकेट घ्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या ते लिहून घ्या. निघताना डिस्चार्ज समरी इंग्रजीत, नवीन एक्स-रेची सीडी आणि इम्प्लांटचं स्टिकर फाईलला लावलंय ना ते स्वतः बघा, कारण पुढं काही झालं तर नैरोबीतला डॉक्टर पहिल्यांदा तेच मागेल.