मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वनस्पतीजन्य संयुगांची चाचणी : या चुका टाळा

सगळ्यात जास्त फसवते ती एमटीटी, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून मोजणारी चाचणी. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचे जांभळे स्फटिक करतात, ते विरघळवून ५७० नॅनोमीटरवर मोजायचे, एवढीच तिची रीत. पण क्वेर्सेटिनसारखी पॉलिफिनॉल्स हे काम पेशींविनाही करतात. मग मेलेल्या पेशीही जिवंत दिसतात आणि चांगले संयुग निकामी ठरते. म्हणून प्रत्येक मात्रेसाठी पेशी नसलेल्या, फक्त माध्यम (पेशी वाढवण्याचे द्रव), संयुग आणि एमटीटी असलेल्या तीन वेल (प्लेटमधले छोटे खळगे) ठेवाच. त्या जांभळ्या झाल्या, तर संयुगाचे माध्यम काढा, पीबीएस या क्षारांच्या सौम्य द्रावणाने हलके धुवा आणि ताज्या माध्यमातून एमटीटी द्या. तरीही शंका उरली तर एसआरबी चाचणीने पडताळा. ती प्रथिने मोजते.

उलटी फसगतही होते. हिरव्या चहातले ईजीसीजी माध्यमातच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. पेरॉक्साइड मोडणारे कॅटालेज हे विकर घातल्यावर पेशी वाचल्या, तर त्यांना मारणारे पेरॉक्साइड होते. पोटात घेतलेले ईजीसीजी तसेच वागेल, असे यावरून म्हणता येत नाही.

संयुग ज्या द्रावकात विरघळवतात, त्या डीएमएसओचा हिशेब आधी कागदावर करा. डीएमएसओमधल्या २० मिलिमोलर साठ्यातून (दाट द्रावणातून) २० मायक्रोमोलर मात्रा केली तर डीएमएसओ ०.१ टक्का, १०० मायक्रोमोलर केली तर ०.५ टक्का. नियंत्रण वेलमध्ये मात्र ०.१ टक्काच ठेवला, तर वरच्या मात्रेचा परिणाम द्रावकाचा की संयुगाचा, हे सांगता येणार नाही. सगळीकडे प्रमाण सारखे ठेवा. संयुग घातल्यावर वेल सूक्ष्मदर्शकाखाली बघायला विसरू नका: पेशींवर पिवळ्या सुया दिसल्या, तर हळदीतले कर्क्युमिन विरघळलेलेच नाही. शिवाय सीरम नसलेल्या, ७.२ सामूच्या द्रावणात ३७ अंशांवर ते अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के विघटित होते. ७२ तासांनी आपण बहुधा त्याच्या तुकड्यांची चाचणी घेत असतो.

आयसी५० (पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा) १०० मायक्रोमोलर आला, तर हुरळून जाऊ नका. तोंडाने दिलेल्या अशा संयुगांची रक्तातली पातळी सहसा त्याच्या जवळपासही जात नाही. आतड्याच्या अस्तराला न शोषलेले संयुग थेट भिडते, तेव्हा इथे थोडी सवलत आहे. यकृतात पसरलेल्या गाठींसाठी नाही.

या कर्करोगाच्या पेशींपैकी एचसीटी११६ मध्ये पी५३ (गाठी रोखणारा जनुक) शाबूत असतो, एचटी-२९ मध्ये बिघडलेला. दोन्ही वापरा, सोबत तुलनेसाठी ५-फ्लुओरोयुरॅसिल हे कर्करोगाचे औषध ठेवा. मायकोप्लाझ्मा (पेशींना होणारा जीवाणूंचा संसर्ग) आणि एसटीआर (डीएनएवरून पेशींची ओळख) तपासणी चुकवू नका. 'निरोगी पेशी सुरक्षित' लिहिण्याआधी त्या किती वेगाने वाढतात ते बघा. निरोगी म्हणून वापरल्या जाणाऱ्या सीसीडी-१८सीओ पेशी हे फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) आहेत, आतड्याच्या अस्तराच्या पेशी नव्हेत. संथ वाढणाऱ्या पेशी तशाही कमी मरतात.

आणि एकाच प्लेटवरच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्याने वाढवलेल्या पिढीच्या) पेशींवर, साठ्याची नवी नळी उघडून पुन्हा करा.