ईगल स्काउटच्या सोहळ्याला भेट देताना या चुका टाळा

ईगल स्काउट हा अमेरिकेतल्या स्काउटिंगमधला सर्वोच्च दर्जा. तो मिळाल्यावर होणाऱ्या 'कोर्ट ऑफ ऑनर' या सन्मान-सोहळ्याचं आमंत्रण आलं की अमेरिकेतल्या मराठी घरांत पहिला प्रश्न निघतो, "न्यायचं काय?" वाढदिवसासारखं गिफ्ट कार्ड, मुंजीसारखं पाकीट, की ग्रॅज्युएशनसारखा चेक? घोळ इथेच सुरू होतो, कारण हा सोहळा यांपैकी कशातच बसत नाही. मुलाने किंवा मुलीने एकेक करत सात पायऱ्या चढलेल्या असतात आणि किमान २१ मेरिट बॅज (एकेका विषयातलं कौशल्य दाखवून मिळणारे) मिळवलेले असतात. लाइफ स्काउट (सहावी पायरी) झाल्यावर सहा महिने जबाबदारीचं पद सांभाळलेलं असतं. शाळा, प्रार्थनास्थळ किंवा परिसरासाठी एक सेवाप्रकल्प स्वतः आखून, माणसं जमवून तडीस नेलेला असतो. आणि हे सगळं अठरावा वाढदिवस उजाडायच्या आत. हे काम नजरेसमोर ठेवून भेट निवडली तर निम्म्या चुका होतच नाहीत.

मेडल किंवा बॅज विकत घेणं

ऑनलाइन शोधलं की लाल-पांढऱ्या-निळ्या फितीला लटकणारा चंदेरी गरुड विकायला दिसतो. आत्या-मामांना वाटतं, यापेक्षा चांगली भेट कोणती! पण मेडल आणि कापडी बॅज ही कमावण्याची वस्तू आहे. राष्ट्रीय कार्यालयाची मंजुरी आल्यावर ती ट्रूपमार्फतच, म्हणजे मुलाच्या स्थानिक स्काउट गटामार्फतच मिळते. आई-वडिलांना लावायच्या पिनांची सोयही बहुतेक वेळा ट्रूपच करतो. जुन्या वस्तूंच्या बाजारातलं मेडल दुसऱ्या कुणाच्या तरी कष्टाचं असतं, ते या मुलाला देण्यात काहीच अर्थ नाही.

पामचंही, म्हणजे ईगलनंतर मिळणाऱ्या पानाच्या आकाराच्या पिनेचंही तेच. ईगलसाठी लागतात त्यापेक्षा पाच जादा मेरिट बॅज मिळवले की कांस्य, दहाला सोनेरी आणि पंधराला चंदेरी पाम मिळतो. छान दिसतो म्हणून तो भेट देता येत नाही.

ईगलचा नेकरचीफ (गळ्यात बांधायचा रुमाल) मात्र घेता येतो, पण अनेक ट्रूप तो स्वतःच सोहळ्यात गळ्यात घालतात. घेण्याआधी आई-बाबांना एक मेसेज करा, नाहीतर एकाच दिवशी दोन नेकरचीफ जमा होतात.

नाव आणि तारीख चुकीची कोरणं

घड्याळ, होकायंत्र, पेन किंवा लाकडी पेटीवर नाव कोरून देणं ही चांगली कल्पना आहे. यात दोन ठिकाणी हमखास चूक होते.

पहिली नावाची. घरी 'सोनू', शाळेत लघुरूप आणि कागदोपत्री आजोबांच्या नावावरून ठेवलेलं लांबलचक नाव, अशी तीन नावं आपल्या मुलांना असतात. कोरायचं ते ईगलच्या सर्टिफिकेटवरचं. स्पेलिंग आई-बाबांकडून लिहून मागवा. फोनवर ऐकून लिहू नका. 'Ee' ऐवजी 'i' किंवा जादाचा 'h' तिथेच शिरतो.

दुसरी तारखेची. मूल ईगल होतं ते बोर्ड ऑफ रिव्ह्यू, म्हणजे शेवटची मुलाखत, पार पडते त्या दिवशी. कोर्ट ऑफ ऑनर त्यानंतर काही आठवड्यांनी, कधीकधी काही महिन्यांनी होतो. निमंत्रणावर दिसते ती सोहळ्याची तारीख आणि लोक तीच कोरून मोकळे होतात. सर्टिफिकेटशी जुळणारी तारीख विचारून घ्या. कोरलेली वस्तू दुकान सहसा परत घेत नाही, म्हणून तीन आठवडे हाताशी ठेवून ऑर्डर द्या.

चाकू: भेट योग्य, वेळ चुकीची

खिशातला घडीचा चाकू किंवा मल्टिटूल ही स्काउटला शोभणारी भेट आहे. चाकू वापरायचे नियम शिकून त्याने 'टोटिन चिप' कार्ड बहुधा कधीच मिळवलेलं असतं. अडचण जागेची असते. सोहळा अनेकदा शाळेच्या हॉलमध्ये किंवा कॅफेटेरियात होतो आणि शाळेच्या आवारात चाकू न्यायला मनाई असते, मग तो रंगीत कागदात गुंडाळलेला का असेना. अशा वेळी सोहळ्याला फक्त कार्ड न्या आणि चाकू दुसऱ्या दिवशी घरी द्या. विमानाने येणार असाल तर तो चेक-इन बॅगेत ठेवा. हातातल्या सामानात असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. मूल त्याच वर्षी कॉलेजच्या डॉर्ममध्ये राहायला जाणार असेल तर हेडलॅम्प, चांगली पाण्याची बाटली किंवा पाठीवरची सॅक जास्त कामाला येते, कारण डॉर्मच्या नियमांत चाकू बसेलच असं नाही.

पाकीट आई-बाबांच्या हातात देणं

आपल्याकडे आहेर मोठ्यांच्या हाती जातो. इथे पाकीट थेट मुलाला द्या, हात मिळवा, अभिनंदन करा. नुसती ओळख असेल तर २५ ते ५० डॉलर पुष्कळ झाले, जवळच्या नात्यात १०० किंवा त्याहून जास्त. वर एक डॉलर ठेवून ५१ किंवा १०१ करायला हरकत नाही, पण त्या एकाचा अर्थ कार्डात एका ओळीत लिहा. इथे वाढलेल्या मुलाला तो माहीत असेलच असं नाही.

चेक असेल तर तो मुलाच्या बँक खात्यावर जसं नाव आहे तसंच लिहा. 'सोनू'च्या नावाचा चेक भरताना अडतो. आणि भरून झाला का ते महिन्या-दोन महिन्यांत पाहा. मुलं चेक ड्रॉवरमध्ये टाकून विसरतात, आणि सहा महिने उलटले की बँक तो नाकारू शकते. कॉलेजचे पैसे साठवण्यासाठी घरच्यांनी ५२९ खातं उघडलं असेल तर त्यात भर टाकणंही उत्तम. तसं केलं तर कार्डात ते लिहा, म्हणजे मुलाला आभार कशाचे मानायचे ते कळेल.

पत्राला दुय्यम मानणं

सगळ्यांत मोठी चूक ही. निमंत्रणाबरोबर किंवा आधी ईमेलने अनेक कुटुंबं विनंती करतात, 'मुलासाठी एक पत्र पाठवा.' लोक ती वाचतात, होकायंत्र मागवतात आणि पत्र राहून जातं. ही पत्रं एका जाड बाइंडरमध्ये लावून सोहळ्यात मुलाच्या हाती देतात. पंचवीस वर्षांनी होकायंत्र कुठे गेलं ते कुणाला आठवणार नाही, पण बाइंडर कपाटात असेल.

पत्र ८.५ बाय ११ इंचांच्या साध्या कागदावर, एकाच बाजूला लिहा. डावीकडे दीड इंच जागा सोडा, नाहीतर पंचिंगची भोकं नेमकी तुमच्या शब्दांवर पडतात. घडी घालू नका. मोठ्या पाकिटात मागे पुठ्ठा घालून पाठवा. सोहळ्याच्या किमान दोन आठवडे आधी पोहोचेल असं बघा.

मजकुरात 'अभिनंदन, उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा' यापलीकडे एक तरी गोष्ट तुम्ही स्वतः पाहिलेली हवी. उदाहरणार्थ: "वाचनालयामागे तू बसवलेल्या बाकावर परवा मी बसलो होतो. चारही स्क्रू लाकडाच्या पातळीत होते, एकही वर आलेला नव्हता. त्या दिवशी दोन लहान मुलं कंटाळली तेव्हा तू त्यांना घरी न पाठवता मोजपट्टी धरायला दिलीस, ते मला आठवतं." एवढं पुरे. मुलाला आपलं काम कुणीतरी बारकाईने पाहिलं हे यातून कळतं. कॉलेजच्या अर्जाला हे किती उपयोगी पडेल, हा विषय पत्रात आणू नका. त्याने सगळी मेहनत अर्जासाठीच केली असा अर्थ निघतो.

आजी-आजोबांनी खुशाल मराठीत लिहावं. मुलाला देवनागरी वाचता येत नसेल तर दुसऱ्या कागदावर इंग्रजी मजकूर जोडा, पण मूळ हस्ताक्षरातलं पत्र बाइंडरमध्ये जायलाच हवं.

काँग्रेस सदस्यांचं अभिनंदनपत्र किंवा कॅपिटलवर फडकवलेला राष्ट्रध्वज भेट द्यायचा असेल तर तुमच्या सिनेटर किंवा प्रतिनिधीच्या कार्यालयाकडे सहा ते आठ आठवडे आधी मागणी करा. ध्वजाबरोबर तो कोणत्या तारखेला फडकवला त्याचं प्रमाणपत्र येतं. आकार निवडताना ३ बाय ५ फुटांचा घ्या. ५ बाय ८ चा ध्वज घरात लावायला जागा होत नाही.

हार, शाल आणि औक्षण मध्येच घालणं

प्रेमापोटी होणारी ही चूक. मेडल गणवेशाच्या डाव्या खिशाच्या वर लागतं. जाड हार घातला की नेमकं तेच झाकलं जातं, नेकरचीफ चुरगळतो आणि सगळ्या फोटोंत हार तेवढा दिसतो. गणवेशावर काय कुठे लावायचं याचे नियम आहेत, त्यामुळे रोझेट किंवा सोन्याची पिन तिथे टोचू नका. कार्यक्रम ट्रूपचा असतो, त्याचा क्रम आधीच ठरलेला असतो. औक्षण सकाळी घरी करा. शाल-श्रीफळ द्यायचंच असेल तर स्काउटमास्टरला आधी विचारून केक कापायच्या वेळी द्या.

मुलीला 'बॉय'ची भेट

२०१९ पासून मुलींनाही ही वाट खुली झाली आणि आता त्याही ईगल होतात. तरी कार्डांवर आणि मगांवर अजून 'बॉय' छापलेलं असतं. 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका' या संस्थेचं नावही २०२५ मध्ये 'स्काउटिंग अमेरिका' झालं, जुना माल दुकानांत उरलेला असतो. घेण्याआधी छापील मजकूर वाचा. याच्या उलट चूकही होते: गर्ल स्काउट्स ही वेगळी संस्था, तिचा सर्वोच्च मान गोल्ड अवॉर्ड. तिथली भेट ईगल झालेल्या मुलीला देऊ नका.

चूक झालीच तर

भेट टेबलावर ठेवली आणि कार्ड सुटून पडलं, तर कुणाचं काय हे कळत नाही. म्हणून कार्ड चिकटपट्टीने भेटीलाच चिकटवा आणि आत पूर्ण नाव व झिप कोडसह पत्ता लिहा. आभारपत्र मुलाने स्वतः लिहायचं असतं, त्याला पत्ता शोधायला लावू नका.

एकसारख्या दोन भेटी आल्या तर पावती पाठवून द्या आणि बदलून घे म्हणून सांगा, मुलाला अवघडायला लावू नका. एकाच सोहळ्यात दोन-तीन मुलांचा सन्मान असेल आणि सगळी ओळखीची असतील, तर भेटी सारख्या किमतीच्या ठेवा. 'भेटी नकोत' असं निमंत्रणावर असेल तर फक्त पत्र न्या. फार वाटलं तर ज्या संस्थेसाठी प्रकल्प केला तिला मुलाच्या नावाने देणगी द्या, आई-बाबांना विचारून.

सोहळा चुकला? दोन-तीन महिने उशिरा पाठवलेलं पत्रही चालतं. फक्त त्यात 'तू ईगल स्काउट होतास' असं लिहू नका. हा मान मिळाल्यावर माणूस आयुष्यभर ईगल स्काउट असतो, म्हणून वाक्य वर्तमानकाळात हवं: 'तू ईगल स्काउट आहेस.'