सरकणारा पीक

एमएस्सीच्या प्रबंधासाठी एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) बेंझोइक आम्ल मोजत होतो. सकाळी ६.२ मिनिटांना येणारा त्याचा पीक (आलेखातला उंचवटा) संध्याकाळी ५.६ला! आठवडाभर बिचाऱ्या कॉलमला, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीला, शिव्या घातल्या. धुतला, पंपातले बुडबुडे काढले. फरक शून्य. शेवटी वही उघडली. बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच ४.२, आणि बेंझोइक आम्लाचा पीकेएही (ज्या पीएचला निम्मे रेणू आयनित, म्हणजे विद्युतभारित असतात) ४.२च. तिथे पीएच जरासा हलला की आयनित रेणूंचं प्रमाण बदलतं, पीक सरकतो. त्यात मी पीएच मोजायचो बफरमध्ये अ‍ॅसिटोनायट्राइल हे सेंद्रिय द्रावक मिसळल्यावर, म्हणजे मीटरचा आकडाही भरवशाचा नाही. मग फॉस्फेट बफर घेतला, पीएच २.५, म्हणजे पीकेएच्या बराच खाली; आधी मोजला नुसत्या बफरचा पीएच, अ‍ॅसिटोनायट्राइल नंतर. पीक बराच उशिरा येऊ लागला, पण सलग सहा इंजेक्शनांत जागचा हलला नाही. गाइड सर क्रोमॅटोग्राम बघून एवढंच म्हणाले, "पीकेए आधी बघायचा असतो रे."