केनियाला जायच्या आधी यलो फीवरची (डासांमुळे पसरणारा पीतज्वर) लस घेतली, त्याचा माझा अनुभव

तिकीट काढलं तेव्हा लशीचं कोणी बोललंच नाही, नंतर कळलं की सर्टिफिकेट लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं आणि ते नसेल तर भारतात परतताना ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात, मग काय, धावपळ. एका बाटलीत बरेच डोस असतात आणि उघडली की काही तासांतच वापरावी लागते, म्हणून आमच्या सेंटरवर ठराविक दिवशीच बोलावतात. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा हं.

टोचताना काहीच वाटलं नाही. पण चौथ्या दिवशी संध्याकाळी भाजी चिरता चिरता अंग मोडून आलं, डोकं ठणकायला लागलं, ताप १००.४. खरंच घाबरले. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची लस आहे, असा उशिरा ताप येऊ शकतो. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, मऊ भात-मेतकूट आणि झोप, दीड दिवसात उतरला.

आणि ते सर्टिफिकेट, म्हणजे पिवळं कार्ड, सेंटरच्या खिडकीवरच नीट वाचा, माझ्या पासपोर्ट नंबरातला एक आकडा चुकला होता, परत जाऊन दुरुस्त करून आणला. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे आता पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवलंय.