जर्मनीला मुलांकडे चाललात? मग योहानिसबर्गचा द्राक्षमळा असा बघा

फ्रँकफर्टला मुलांकडे जाणारे आपले बडोदेकर ऱ्हाईनची बोट करून येतात पण श्लॉस योहानिसबर्ग, म्हणजे तिथला द्राक्षमळ्यातला जुना वाडा, राहूनच जातो, कारण काय तर "आम्ही कुठे वाइन पितो". अहो पिऊ नका ना, नुसता उतार बघायला जा!

फ्रँकफर्टहून रूडेसहाइमकडे जाणारी लोकल पकडायची, तासाभराच्या आसपास गाइसेनहाइम येतं, तिथे उतरायचं. पुढे चढ आहे, गुडघे साथ देत असतील तर मळ्यातूनच चालत जा नाहीतर सरळ टॅक्सी करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर तोडणी बघायला मिळते. वेलीवरचं द्राक्ष तोडून तोंडात टाकायचं नाही हं, मालकाचं पीक आहे ते.

वर पोचल्यावर आधी नदीकडे तोंड करून उभं राहा, म्हणजे तुम्ही दक्षिणेकडे बघताय, आणि सगळी गंमत इथेच आहे. ५० वा अक्षांश या मळ्यातूनच जातो, एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकतं कारण उतारावर ऊन नीट पडतं, पाठीमागचा टाउनुस डोंगर गार वारा अडवतो आणि खालची रुंद ऱ्हाईन थंडी जरा सौम्य करते. मग दोन ओळींच्या मधे वाका आणि जमीन बघा, क्वार्ट्झाइटच्या, म्हणजे गारगोटीसारख्या कडक दगडांचे तुकडेच तुकडे. १७२० मध्ये इथे फक्त रीसलिंग हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष लावायला घेतलं, तेच अजून चालू आहे.

अंगणात घोडेस्वार निरोप्याचा पुतळा आहे तो चुकवू नका. मळा तेव्हा फुल्डा गावच्या मठाधिपतींचा, तोडणीची परवानगी दरवर्षी तिथून यायची, १७७५ ला निरोप्याला इतका उशीर झाला की द्राक्षांवर बुरशी धरली, तरी तोडली, आणि वाइन निघाली अफलातून! उशिरा तोडलेल्या द्राक्षांची श्पेटलेझे गाजली ती तेव्हापासून.

वाड्याचं म्हणाल तर आपला बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा डोक्यात ठेवून जाऊ नका, हा १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला होता, आत्ता दिसतो तो पुन्हा उभारलेला.

चाखायचीच असेल तर बाटलीच्या सीलचा रंग बघा, पिवळं म्हणजे साधी, हिरवं म्हणजे श्पेटलेझे. गोड नको असेल तर 'ट्रोकन' मागा. आणि बाटली घरी आणायचा मोह आवरा, परमिट नसेल तर गुजरातेत नसती भानगड, त्यापेक्षा तिथेच मुलाच्या फ्रिजमध्ये ठेवून या.